कार्मिनचा जवळा

“तुमी पापलेटाची पोरं वाचवलीत, आता माज्या पोरींचं काय करायचं तेवढं सांगा,” असं कार्मिन एकदा जमातीच्या भर बैठकीत म्हणाली होती.

भर बैठकीत म्हणजे बैठकीच्या दारात. वसईच्या किल्ल्यापलीकडे जो कोळीवाडा आहे, त्याच्या बंदरावर एक क्रूस आहे आणि क्रुसामागे जमातीची, म्हणजे गावच्या कोळ्यांच्या पंचायतीची, खोली. आत बाकांवर पुरुष बसायचे. बायकांना काही ऐकायचं असलं तर त्या बाहेर ओट्यावर उभ्या राहायच्या. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. ओटा होता म्हणून त्या ओट्यावर होत्या. मधल्या खुर्चीवर तेव्हा आलोशियस बसायचा. जमातीचा प्रमुख, बंदरावरचा जाणता तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि कार्मिनचा सख्खा थोरला भाऊ. बहिणीचं वाक्य त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग समोरच्या माणसाकडे वळून तो म्हणाला, “हां, फुडं बोला.”

मासे खाणाऱ्या माणसाला घशातल्या काट्याची फारशी धास्ती नसते. भाताचा कोरडा घास गिळला की काटा उतरतो. ते “फुडं बोला” मात्र आलोशियसच्या घशातून उतरलं नाही. आता तो सत्तरी ओलांडून गेला आहे. होडीवर जात नाही, जमातीच्या खुर्चीवरही दुसरा माणूस आला. तरी कुणी कार्मिनचं नाव काढलं की तो बोलता बोलता थांबतो. बायको ज्युली विचारते, “काय झाला?” तो म्हणतो, “काय नाय. ठसका.”

कार्मिन जवळ्याची बाई होती. जवळा सगळ्यांनी खाल्लेला असतो, कांद्यावर परतून किंवा वांग्यात घालून. पण तो वाळतो कसा हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ओला जवळा म्हणजे पाटीत भरलेला थरथरता गुलाबी चिखल. त्यातल्या एकेका जीवाला डोळे असतात, काळे, टाचणीच्या टोकाएवढे. कार्मिन किनाऱ्यावरची आपली जागा झाडून काढायची, वर जुनं जाळं अंथरायची आणि त्यावर तो असा पातळ पसरायची की खालचं जाळं दिसत राहावं. ऊन चढायच्या आत एकदा हाताने परतायची, उतरताना पुन्हा एकदा. मूठभर उचलून कानाशी नेऊन चुरायची. आवाज आला की झाला.

या कामात तिचे वैरी म्हणजे कावळे. त्यांना तिने गावातल्या माणसांची नावं ठेवली होती, आणि शिव्याही नाव घेऊनच द्यायची. सगळ्यात थोराड कावळा जवळ्याला तोंड न लावता वर खांबावर बसून राहायचा. त्याचं नाव आलोशियस.

“त्यो बघ दादूस,” ती भावाला दाखवायची. “काम काय नाय, नुसता ध्यान ठेवतो. समद्यांचा तांडेल.”

“तो तरी चोरी करत नाय ना?”

“त्याला करावी लागत नाय. बाकीचे आनून देतात.”

आलोशियस हसायचा. त्या दिवसांत तो बहिणीच्या बोलण्यावर पोट धरून हसायचा.

पावसाच्या तोंडावर वाळला जवळा घेऊन कार्मिन पापडीच्या वाड्यांमधून फिरायची. बागायतदारांच्या बायका पावसाळ्याची बेगमी म्हणून तिचाच जवळा घ्यायच्या आणि बदल्यात केळ्यांची फणी, अळू, पडवळ द्यायच्या. पापडीची रोझलिन दरवर्षी न चुकता मूठ नाकाशी नेऊन म्हणायची, “काय गं कार्मिन, यंदा वाळूच विकतेस की काय?”

“वाळू फुकट देते, बाय. पैसे जवळ्याचे.”

आता या जवळ्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रीतीतून झालं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. पापलेट, कोळंबी, बोंबील, वाकट्या, सगळं वाट्यात यायचं. जवळा यायचा नाही. जाळं झटकल्यावर तळाशी जो उरायचा तो त्या त्या घरच्या बाईच्या पाटीत पडायचा. त्याचा हिशेब नवऱ्याने विचारायचा नाही आणि बाईने सांगायचा नाही. त्याला म्हणायचेच बायकांची मासळी. आलोशियसच्या आईने या मासळीवर मुलांचे पायमोजे, शाळेची पाटी आणि पहिल्या कम्युनियनचे पांढरे कपडे केले होते. ते घालून काढलेला फोटो अजून भिंतीवर आहे. फोटोत आलोशियस आणि कार्मिन मेणबत्त्या धरून उभे आहेत, दोघांच्याही नाकाचा शेंडा चकाकतो आहे.

कार्मिनला दोन मुली, विनी आणि जोआना. नवरा रिचर्ड. शांत माणूस, छोटी होडी, किनाऱ्याजवळ डोल लावायचा. डोल हे मोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून ते बांधतात. भरतीओहोटीचं पाणी तोंडातून शिरतं, मासळी शेपटाकडे ढकलली जाते. या शेपटाला खोला म्हणतात. खोल्याची भोकं केवढी, यावर कोण आत राहणार आणि कोण सुटणार ते ठरतं. रिचर्डच्या खोल्याची भोकं बारीक होती. सगळ्यांचीच होती.

आणि त्यानेच आलोशियस हैराण झाला होता. वर्षामागून वर्षं पापलेट कमी होत होतं आणि जे येत होतं ते नाण्याएवढं. एकदा बंदरावर त्याने असल्या पिल्लांचा ढीग पाहिला. विकत घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून एकाने ती वाडीत खत म्हणून टाकायला पाटीत भरली होती. वरची काही अजून तोंड उघडत होती. आलोशियस त्या पाटीजवळ बराच वेळ उभा राहिला. बापाबरोबर पहिल्यांदा समुद्रात गेला तेव्हा त्याने दोन्ही हातांत धरलेलं पापलेट त्याला आठवलं, आणि आपल्या हातांची त्याला शरम वाटली.

मग तो घरोघर फिरला. सगळा उन्हाळा फिरला. कुणी चहा पाजला, कुणी वेड्यात काढला.

“आपन सोडायची नि शेजारच्या गावानं पकडायची, हा तुजा न्याय काय?” लोक विचारायचे.

“शेजारी आपल्या घरात घान करतो म्हनून आपन आपल्या घरात करायची?” तो विचारायचा.

हुकूम सरकारचा नव्हता. कुणी साहेब आला नव्हता. गावाने गावासाठी ठरवायचं होतं, आणि शेवटी ठरलं: खोल्याच्या भोकातून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ज्याच्या जाळ्यातून जाणार नाहीत, त्याचा खोला कापून बंदरावर जाळायचा, आणि तो हंगाम त्याला डोल लावायला जागा मिळणार नाही.

त्या बैठकीत एक म्हातारा खलाशी मागच्या बाकावरून म्हणाला होता, “नि जवळा? दोन बोटांच्या भोकातून जवळा कसा राहील?”

“जवळा काय मासळीत धरतात?” कोणीतरी म्हणालं, आणि खोली हसली. आलोशियसही हसला. दुष्टपणाने नव्हे. ज्या गोष्टीचा वाटा कधी पडला नाही ती त्याच्या हिशेबात आलीच नाही. त्याच वेळी दारातून कार्मिन ते वाक्य बोलली, आणि तो म्हणाला, फुडं बोला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांची जाळी किनाऱ्यावर पसरली गेली. आलोशियस एकेका जाळ्यापाशी जात होता. वाकायचा, खोल्यात दोन बोटं घालायचा, मान हलवायचा. मागून निम्मं गाव चालत होतं, जत्रेला निघाल्यासारखं. रिचर्डच्या जाळ्यापाशी तो आला तेव्हा रिचर्ड होडीच्या सावलीत बसला होता आणि कार्मिन कमरेवर हात ठेवून उभी होती.

“घाल बोटं,” ती म्हणाली. “नखं कापलीस ना? माजं जाळं फाटंल.”

लोक हसले. बोटं भोकातून आत गेली, सहज. आणि मग कशाला तरी अडली.

आत अस्तर होतं. मोठ्या भोकांच्या खोल्याच्या आतल्या बाजूने बारीक जाळं शिवलेलं, इतक्या सफाईने की वरून बघणाऱ्याला काही कळू नये. आलोशियसने बोटाने टाका चाचपला. तो टाका त्याच्या ओळखीचा होता. बापाने तो फक्त दोन मुलांना शिकवला होता, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

तो वाकलेलाच राहिला. बोटं बाहेर काढून “बरोबर हाय” म्हणावं आणि पुढच्या जाळ्याकडे जावं, एवढंच करायचं होतं. वाळूत एक खेकडा बिळातून डोकावून परत आत गेला, तेही त्याने पाहिलं. मग मागे कुणीतरी खाकरलं.

“सुरी द्या,” तो म्हणाला.

रिचर्ड उठून आला. “तांडेल, चूक माजी हाय.”

“त्याची कसली चूक?” कार्मिन म्हणाली. “त्याला धड बटन लावता येत नाय. मी शिवलाय.” मग आवाज खाली आणून ती पुढे आली. “दादूस, अस्तर उसवून टाक. मीच उसवते, दे. खोला ठेव. नवा आनायला काय हाय माज्याकडं?”

अस्तर उसवायला फार वेळ लागला नसता. हे आलोशियसला तेव्हाही ठाऊक होतं. पण मागे निम्मं गाव उभं होतं, आणि त्यातले अर्धे याच क्षणाची वाट बघत होते, तांडेल बहिणीच्या जाळ्यापाशी काय करतो याची. त्याने अख्खा खोला कापला. नायलॉन जळतं तेव्हा त्याचा वास नाकात फार दिवस राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या आणखी तीन घरांच्या ओट्यांवर बायका खाली मान घालून अस्तरं उसवत बसल्या होत्या.  नियम त्या दिवशी खरा झाला. आलोशियसने सुरी मागितली नसती तर तो नियम पुढच्या रविवारपर्यंतही टिकला नसता. आणि हेच त्याला आजवर सुटू देत नाही. चुकलो असं त्याला म्हणता येत नाही. आपण बरोबर होतो, हे ओझं माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर देऊ शकत नाही.

रिचर्डने तो हंगाम दुसऱ्यांच्या होड्यांवर काढला. पुढच्या वर्षी त्याने होडी विकली आणि एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीच्या फाटकावर सिक्युरिटीचा निळा शर्ट घालून उभा राहिला. विनीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचं होतं. ते पैसे जवळ्यातून साठत आले होते, ते घरात खर्च झाले. ती पूर्वेकडच्या एका कारखान्यात पाकिटं भरायला जाऊ लागली. जोआनाचं लग्न लवकर झालं. कार्मिन त्याच एव्हरशाईनच्या एका कोपऱ्यावर मासळी घेऊन बसू लागली, मुंबईहून बर्फात येणारी मासळी, जिचं बंदर कोणतं हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिने भावाशी भांडण काढलं नाही. नाताळला घरी आली, कुसवड म्हणजे नाताळचा फराळ दिला, ज्युलीशी बोलली. आलोशियसशी दोन शब्द बोलायची, पण त्याची थट्टा करायची थांबली. ते त्याला भांडणापेक्षा लागलं.

आणि पापलेट? पापलेट आलं. आलोशियसच्या बापाच्या वेळचं नाही, पण तळहात भरेल एवढं यायला लागलं. जी गावं हसली होती त्यांनीही दोन बोटांचा नियम घेतला. मग बाहेरची माणसं येऊ लागली, गळ्यात ओळखपत्रं घातलेली, गावाने स्वतःहून समुद्र कसा राखला ते बघायला. ती आलोशियसला किनाऱ्यावर उभं करायची आणि म्हणायची, बोटं घालून दाखवा. तो वाकायचा, बोटं घालायचा. फोटो निघायचा. दर वेळी त्याला वाटायचं, आत काहीतरी अडेल.

तीन वर्षांपूर्वी त्याने खुर्ची सोडली आणि जमातीने एरॉलला नेमलं. एरॉल शिकलेला, तोंडाचा गोड, कामाला वाघ. पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायचा, म्हाताऱ्यांना वाकून भेटायचा. गेल्या पावसाळ्यात तो एकदा आलोशियसच्या ओटीवर येऊन बसला.

“अंकल, एक विचार आहे. जवळा ओपन करू या.”

आलोशियसला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “काय करू या?”

“जवळा. अख्ख्या समुद्रात नाय. किनाऱ्याजवळ, छोट्या होड्यांना, हंगामात ठरावीक दिवस. पिल्लं यायच्या आधी बंद. बाकी दोन बोटं तशीच. माहिती काढलीय मी, पापलेटाला धक्का लागत नाय. आणि ह्या वेळी बायकांना आत बसवायचं मीटिंगला. खुर्च्या टाकून. लोक बोलतात ना, बायका कुठायत म्हणून.”

आलोशियसच्या हातातली बशी कलंडली, चहा लुंगीवर सांडला. ज्युली फडकं घेऊन धावली. “तुम्ही हो म्हणालात तर सगळे हो म्हणतील, अंकल,” एरॉल म्हणाला. आलोशियस हो म्हणाला. आणखी काही विचारायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एव्हरशाईनला गेला. फाटकावर रिचर्ड होता. मेहुण्याला बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली, मग काय करावं न कळून परत घातली.

“कार्मिन बसलीय तिकडं,” तो म्हणाला.

कार्मिनसमोर एक बाई उभ्या होत्या, पिशवी धरून. त्यांचं नाव सरोजिनी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, इथे फ्लॅट घेऊन राहिलेल्या, रोजच्या गिऱ्हाईक.

“हा जवळा बघा, कार्मिनबाई, गेल्या वेळचा,” त्या म्हणत होत्या. “दातांखाली कचकच. निम्मी वाळू.”

“गुजरातचा हाय, ताई. पाकिटातून येतो. मी नाय वाळवला.”

“मग तुमचा आणा की. तुम्ही कोळी ना?”

“आमच्या गावात आता जवळा मिळत नाय.”

“असं कसं? समुद्र आटला का?”

“नाय. समुद्र हाय,” कार्मिन म्हणाली आणि बोंबील साफ करायला लागली.

बाई गेल्यावर तिने भावाकडे पाहिलं. “ये. बस. बसायला बर्फाची पेटी हाय, थंड लागंल.”

आलोशियस बसला. घरून जुळवून आणलेलं बोलणं त्याने एका दमात सांगून टाकलं. कार्मिन ऐकत होती आणि विळीवर हात चालत होता.

“जवळा परत चालू करतायत. कोन?”

“जमात.”

“जमात मंजे कोन?”

“एरॉल. आमी समदे. नि तू पन यायचं. आत बसायचं, खुर्चीवर.”

“खुर्ची बरी. गुडघं दुखतात माजं,” ती म्हणाली. बऱ्याच वर्षांनी तिच्या आवाजात ती जुनी तिरकी धार आली, आणि आलोशियस पेटीवर पुढे सरकून बसला. मग तिचे हात थांबले.

“दादूस, पयल्यासारका ना? बायकांचा?”

“मंग कोनाचा?” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ज्युली धापा टाकत घरी आली. “तुमची बहीन किनाऱ्यावर हाय. बघा तरी.” आलोशियस गेला, पण जवळ गेला नाही, सुकत घातलेल्या एका जाळ्याआडून बघत राहिला. कार्मिन देवळातल्या चांगल्या कपड्यांवरच होती. पदर खोचून तिने आपल्या जुन्या जागेवरचं गवत उपटलं होतं, बाटल्या आणि थर्माकोल एका बाजूला केलं होतं, आणि आता ती झाडत होती. बाजूला तिच्या वयाच्या तिघीजणी उभ्या होत्या. विनीही होती, सुट्टीच्या दिवशी आईने ओढून आणलेली, नाकाला रुमाल लावून.

“नाक कशाला धरतीस?” कार्मिन लेकीला म्हणत होती. “याच वासावर वाडलीस तू.”

“मम्मी, अजून जवळा आला पण नाय. वास कसला? कचऱ्याचा येतो.”

“येईल. झाड तिकडं.”

आलोशियस घरी परतला आणि त्या दिवशी दोनदा जेवायला मागितलं, असं ज्युली अजून सांगते.

बैठकीच्या दिवशी जमातीच्या खोलीत खरोखर खुर्च्या होत्या, प्लास्टिकच्या, लाल, पहिल्या रांगेत. बायका आत आल्या तेव्हा पुरुषांनी पाय आवरून घेतले. कार्मिन मधल्या खुर्चीवर बसली. तिने केसांत अबोली माळली होती. आलोशियस मागच्या बाकावर बसला. आता तिला सगळ्यांसमोर मिळेल, असं त्याच्या मनात होतं. काय मिळेल याला त्याने नाव दिलं नव्हतं.

एरॉल चांगलं बोलला. दोन बोटांचा नियम कसा आला ते सांगितलं, आलोशियसचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. मग म्हणाला की या नियमात आपल्या माताभगिनींचं नुकसान झालं, ते आपण बघितलं नाही, आज ती चूक दुरुस्त करतोय. कार्मिनची पाठ ताठ झालेली आलोशियसला मागून दिसली.

“जवळा किनाऱ्याजवळ, ठरावीक दिवस,” एरॉल पुढे म्हणाला. “आणि विकायची चिंता नाय. एका पार्टीशी बोलणं झालंय. कोळंबीच्या तळ्यांना खाद्य बनवतात ते. त्यांची गाडी बंदरावर येणार, ओलाच उचलणार, जागेवर. म्हणजे बायकांना आता उन्हात तापायला नको, कावळे हाकायला नको. एकदम क्लीन.”

“वाटे कसे?” एका तांडेलाने विचारलं.

“नेहमीसारखे. होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. आता रेट चांगला आहे, तर जवळा पण वाट्यात धरायचा. सिस्टिममध्ये आणायचा.”

खोलीत पसंतीची कुजबुज झाली. हिशेब पटण्यासारखा होता. आलोशियस उठला.

“एरॉल, जवळा वाट्यात नाय येत. तो बायकांचा.”

“अंकल, तेव्हा त्याला भाव कुठे होता?” एरॉल प्रेमाने म्हणाला. “आता ट्रक लागणार, डिझेल, बर्फ. वाटे पाडले नाय तर खलाशी कशाला येतील? आणि पैसे घरातच येणार ना. नवऱ्याच्या काय, बायकोच्या काय. घर एकच.”

“ज्याच्या घरी होडीच नाय राहिली त्याचं काय?” आलोशियस म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

“त्यांचं पण बघू. एकेक करू, अंकल. आधी चालू तर होऊ दे.” मग एरॉल पहिल्या रांगेकडे वळला, हसऱ्या चेहऱ्याने. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आलोशियसला ते स्पष्ट दिसत होतं, जसं आरशात स्वतःचं तोंड दिसावं. “पहिल्या दिवशी पहिली पाटी गाडीत कार्मिन आंटीच्या हाताने चढवायची. त्यांचा मान आहे. फोटो पण काढू. आंटी, तुम्ही दोन शब्द बोला.”

सगळे कार्मिनकडे बघायला लागले. तिच्या बाजूच्या तिघीही तिच्याकडेच बघत होत्या. ती एरॉलकडे बघत नव्हती. ती मान वळवून मागे बघत होती, बाकांवरच्या माणसांतून वाट काढत तिची नजर आलोशियसपर्यंत आली आणि थांबली. तिच्या नजरेत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती फक्त वाट बघत होती, तो आणखी काही म्हणतो का याची. त्याला म्हणायचं होतं. हा जवळा तुमचा नाही, आमचाही नाही, असं काहीतरी मोठ्याने, खोली हादरेल असं. समुद्रात वाऱ्याच्या तोंडावर तो असा ओरडू शकायचा की दुसऱ्या होडीवरचा माणूस दचकावा. आता बाजूचा तांडेल त्याचा शर्ट ओढून हळूच म्हणत होता, “बस की रे. भाव बरा मिळतोय.”

तो लगेच बसला नाही, पण बोललाही नाही.

“बोला आंटी, लाजू नका,” एरॉल म्हणाला.

कार्मिन उठली. गुडघ्यावर हात दाबून, सावकाश. खुर्चीच्या पाठीवरचा आपला पदर तिने सोडवून घेतला. बाकांमधल्या वाटेत लोकांनी पुन्हा पाय आवरले आणि ती त्यांच्यामधून चालत आली. आलोशियसच्या इतक्या जवळून गेली की अबोलीच्या फुलांना वास नसतो हे त्याला त्या क्षणी कळलं. दाराशी तिने खाली वाकून चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या, त्या पायात घातल्या, आणि ओट्यावरून उतरून गेली.